जांभळ्यावर नारिंगी

तामारुआनं गॅरेजचं दार ढकललं आणि आतलं गाणं मध्येच तुटलं. तो शिडी न्यायला आला होता. बहिणीचं घर, बहिणीचं गॅरेज, शिडी त्याची स्वतःची. तेव्हा दार वाजवायचा प्रश्न नव्हता. आत चारपाच बायका जमिनीवर पाय पसरून एका भल्यामोठ्या कापडाभोवती बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात सुई होती. त्याला पाहताच, वयाला आणि वजनाला अजिबात न शोभणारी चपळाई त्या बायकांनी दाखवली. दोघींनी कडा उचलून मध्ये टाकल्या, तिसरीनं त्यावर उशी फेकली, आणि मेतुआकाकू, जिला एरवी खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायची, ती सरळ त्या गठ्ठ्यावर आडवी झाली आणि पाठीत उसण भरल्यासारखी कण्हायला लागली. त्याची बहीण अकाइती तेवढी जागची हलली नाही. "चर्चचे पडदे," ती म्हणाली. तामारुआनं मान डोलावली. चर्चच्या खिडक्यांना गेली कित्येक वर्षं पडदे नव्हते, पट्ट्यांच्या झडपा होत्या, आणि त्यांचा रंग त्यानंच निवडून दिला होता. पण त्याची नजर खाली गेली होती, कारण मेतुआकाकूच्या कुशीखालून कापडाचा एक कोपरा बाहेर राहिला होता. गडद जांभळ्यावर नारिंगी. आणि त्या नारिंगीतून कापलेलं एक पान, बोटांबोटांचं, मध्ये खोल खाचा असलेलं. नीरफणसाचं पान. तो वळला, गाडीत बसला आणि निघाला. ऑकलंडातल्या मांगेरेचा शेवटचा सिग्नल ओलांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की शिडी राहिली.

तिवायवाय, म्हणजे बायका मिळून शिवतात ते पानाफुलांचं पांघरूण, कशासाठी असतं हे त्याच्या लोकांत पोरासोरांनाही ठाऊक असतं. मुलाचे वाढवलेले केस पहिल्यांदा कापतात तेव्हा त्याच्या खुर्चीवर घालायला. लग्नात. फार मोठा पाहुणा आला तर त्याच्या खांद्यावर टाकायला. आणि शेवटी शवपेटीवर पांघरून, पेटीबरोबर खड्ड्यात. गाडी चालवता चालवता तामारुआ एकेक कारण बाद करत गेला. त्याचे केस लहानपणी आतिऊ बेटावर थाटात कापले गेले होते आणि आता पुन्हा समारंभ करावा इतके डोक्यावर उरलेही नव्हते. लग्न त्यानं केलं नव्हतं. बायकांनी परस्पर ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी, पण त्याचं लग्नाचं वय गेलं असं मेतुआकाकूनंच फार पूर्वी जाहीर केलं होतं. मोठा पाहुणा तो नव्हता. बहिणीकडे गेला की तो पातेली घासायचा. निवृत्तीची भेट म्हणावी तर निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, आणि दुकानानं दिलेला कप आधीच फुटला होता. कापड दुसऱ्या कोणाचं असेल, अशी सोयही नव्हती. त्यांच्या घरात ज्याचं त्याचं पान ठरलेलं. अकाइतीची जास्वंद, बापाचा केवडा, आणि त्याचं नीरफणस, कारण सहा वर्षांचा असताना तो त्या झाडाच्या शेंड्यावरून खाली आला होता आणि तरीही जिवंत राहिला होता. आईनं त्या दिवसापासून ते पान त्याच्या नावावर करून टाकलं. त्याचं पान दुसऱ्या कोणासाठी कापायचं म्हणजे एकाच्या पायातला बूट दुसऱ्याला घालण्यासारखं. मेतुआकाकू काय वाटेल ते करील, पण हे करणार नाही. एप्समला घराखाली गाडी लावताना शेवटचं एकच कारण उरलं होतं, आणि ते मागच्या सीटवर बसून त्याच्या मानेवर श्वास सोडत असल्यासारखं त्याला वाटलं.

कारण त्याच्या छातीचा फोटो काढलेला होता. खोकला राहत नव्हता म्हणून डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं होतं, तिथं त्याला एका गोल यंत्रातून आतबाहेर केलं होतं, आणि निकाल कळवतो म्हणून सांगितलं होतं. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. पण त्याच इस्पितळात त्याची भाची, अकाइतीची मुलगी मिरिआमा, नर्स होती, आणि त्या दिवशी लांब मार्गिकेच्या टोकाला, कर्करोगाच्या विभागाकडे जाणाऱ्या लिफ्टपाशी ती उभी दिसली होती. त्यानं हात वर केला. तिनं त्याला पाहिलं, नक्की पाहिलं, आणि ती चटकन लिफ्टच्या आत सरकली. त्या वेळी त्याला वाटलं, कामात असेल. आता त्याला वेगळंच दिसायला लागलं. मिरिआमानं कागद पाहिले असणार. मिरिआमानं आईला सांगितलं असणार. आईनं मेतुआकाकूला, आणि मेतुआकाकूला सांगणं म्हणजे चर्चच्या भोंग्यावरून सांगणं. डॉक्टरांना अजून वेळ मिळाला नव्हता, पण बायकांनी कापड आणून, घडी घालून, पान कापून, शिवायलाही घेतलं होतं. आमच्या बायका प्रत्येक गोष्टीत वेळेच्या आधी तयार असतात, असं त्याच्या मनात आलं.

तो पलंगावर आडवा झाला. दुपार होती. पडदे पांढरे, भिंती पांढऱ्या, चादर पांढरी. पांढऱ्या म्हणजे नुसत्या पांढऱ्या नव्हेत. त्याचा सगळा जन्म रंगांच्या दुकानात पांढरा कालवण्यात गेला होता. रेम्युएराच्या बायका यायच्या, त्यांना पांढरा हवा असायचा, पण पांढरा दिसणारा नको असायचा. त्यांच्यासाठी कंपनीनं मोती पांढरा काढला, मग अर्धा मोती, मग पाव मोती. शंख, अर्धा शंख. कवडी, पाव कवडी. पाव कवडी आणि पाव मोती यांतला फरक ऑकलंडात दोनतीन माणसांनाच डोळ्यांनी कळायचा आणि तामारुआ त्यांतला एक. बायका त्याचा शब्द प्रमाण मानत. बेटावरून आलेला, तळहाताएवढी नाकपुडी असलेला हा माणूस डब्यात काठी फिरवून म्हणायचा, "बाई, तुमच्या खोलीत उत्तरेचा उजेड येतो. पाव कवडीच घ्या." आणि बाई कृतार्थ होऊन जायच्या. हळूहळू त्याचे स्वतःचेच डोळे पाव कवडी झाले. बहिणीच्या घरी गेलं की ते दुखायला लागायचे. तिथं सोफ्यावर लाल जाळीचं कापड, लालावर पिवळं, फोटोंच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या माळा, माळांत दिवे, आणि टेबलावर बिटानं गुलाबी झालेलं बटाट्याचं सॅलड. अकाइती त्याच्या नव्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा चारी भिंतींकडे पाहून म्हणाली होती, "छान आहे. रंग कधी लावणार?" तिनं भेट दिलेला उशीचा हिरवा-किरमिजी अभ्रा तो कपाटात ठेवी आणि ती यायची असली की काढी. एकदा ती न सांगता आली. पांढऱ्या अभ्र्यातल्या उशीकडे पाहिलं आणि बसताना ती उचलून तिनं मांडीवर घेतली आणि निघेपर्यंत हात तिच्यावर ठेवला.

आणि आता तो जांभळ्यावर नारिंगीत जाणार होता. मरणाची भीती वाटली होतीच. पण तिच्या आत दुसरी एक, अधिक लाजिरवाणी भीती होती आणि ती पहिलीपेक्षा स्पष्ट बोलत होती. माणूस मरायला टेकला आणि त्याला रंगसंगतीची पडली आहे, हे त्याला स्वतःलाही बरं दिसेना. पण डोळे मिटले की तो कोपरा दिसायचा. जांभळा दाट, ओला, जिभेवर बसेल असा. नारिंगी त्यातून उठून त्याच्याकडे येणारा. तो रंग चादरीखालून, गुडघ्यांवरून, हळूहळू वर चढतो आहे असं वाटायचं. बाप गेला तेव्हा तो दहाबारा वर्षांचा होता. खड्डा प्रवाळाच्या खडकात खणलेला, कडा दातेरी. पेटी खाली गेली, आणि मग बायका पुढं झाल्या आणि त्यांनी एकामागून एक तिवायवाय आत सोडली. लाल, पिवळं, निळं, पुन्हा लाल. आईचं सगळ्यांत वर होतं, केवड्याचं, ते शिवायला ती दोन वर्षं बसली होती. मग पहिलं फावडं पडलं. ओल्या मातीचं ढेकूळ पिवळ्यावर फुटलं. त्याला हाडांपर्यंत आठवत होतं ते बापाचं जाणं नव्हे, ते पिवळं. माती चारी बाजूंनी आत येत गेली आणि मध्ये एक हातभर पिवळं उरलं, मग वीतभर, मग बोटभर, आणि ते बोटभर पिवळं इतकं जोरात पेटलेलं होतं की आता काहीतरी थांबेल, कोणीतरी ओरडेल असं त्याला वाटलं होतं. कोणी ओरडलं नाही. बायका गात राहिल्या. बहुतेक त्याच दिवशी त्यानं पांढऱ्याकडे चालायला सुरुवात केली असावी. पांढऱ्याला पुरलं तरी काही हरवल्यासारखं वाटत नाही.

रविवारी चर्चनंतर तो नेहमीसारखा बहिणीकडे जेवायला गेला, आणि तिथं त्याची उरलीसुरली खात्री पटली. मेतुआकाकू शेजारी बसली होती. गेली तीस वर्षं ती त्याच्या शर्टावरून बोलत आली होती. त्याचा फिका शर्ट पाहून तिनं आजवर त्याला मैदा म्हटलं होतं, मलमपट्टी म्हटलं होतं, गोऱ्या बाईचा टेबलक्लॉथ म्हटलं होतं. आज तो मुद्दाम सगळ्यांत फिका शर्ट घालून आला होता. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "बरा दिसतोस." तामारुआच्या घशात अळूच्या पानांची भाजी अडकली. त्याला खोकला आला, आणि टेबलावरच्या सगळ्या बायकांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. अकाइतीनं मटणाचा चांगला तुकडा त्याच्या ताटात टाकला. स्वतः मात्र ती पाण्याचे घोट घेत बसली होती. मिरिआमानं, मामा, पातेली राहू द्या, मी घासते, असं म्हटलं. तिचे डोळे लाल होते. पातेली घासायला न लावणं ही त्या घरातली शेवटची पायरी होती. तो हात पुसत ओट्यापाशी उभा राहिला. खिडकीतून गॅरेजचं दार दिसत होतं, त्याला नवं कुलूप होतं. त्याला विचारायचं होतं, पण विचारलं की ते खरं होईल, आणि न विचारलं तर निदान ते त्या बायकांपुरतं राहील, असा त्यानं हिशेब केला. घरी जाताना अकाइती फाटकापर्यंत आली. चालताना तिनं त्याचा दंड धरला होता. तिला आधार लागतो आहे हे त्याला जाणवलं. पण त्याला वाटलं, ती आपल्याला आधार देते आहे.

मंगळवारी डॉक्टरांचा फोन आला. तरुण, आनंदी आवाज होता. छातीत काही नाही म्हणे. लहानपणच्या कुठल्याशा आजाराचा जुना डाग आहे, तो आहे तसाच राहील, खोकल्याला औषध लिहून देतो, आणि धूळ टाळा. तामारुआनं आभार मानले आणि खुर्चीत बसला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तो वाट पाहत बसला, पण तसं वाटेना. डॉक्टर चुकू शकतात. शहरात ते रोज कुठं ना कुठं चुकत असतात. पण मेतुआकाकू कापड कापताना चुकल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. ती आधी कागदावर काढत नाही. कापडाची आठपदरी घडी घालते, डोळे बारीक करते आणि कात्री चालवते, आणि एकदा कात्री चालली की ते कापड कोणाचं तरी झालेलं असतं. बायका बसल्या आहेत त्याअर्थी कोणीतरी जाणार आहे. डॉक्टर म्हणतो मी नाही. मग ते पान माझं का? त्यानं हे पुन्हा पुन्हा मनात फिरवलं, डब्यात काठी फिरवावी तसं, आणि प्रत्येक वेळी तळाशी काहीतरी राहिलेलं काठीला लागायचं आणि वर यायचं नाही. भिंतीवर उत्तरेचा उजेड सरकत होता. पाव कवडी इतका फिका झाला की भिंत आहे की नाही हेही कळेना. त्या खोलीत आपण कोणालाच दिसत नसल्यासारखं त्याला वाटलं. त्याला स्वतःच्या खोकल्याचा आवाज ऐकावासा वाटला, आणि नेमका त्या वेळी खोकला येईना.

गुरुवारी, बायका बसलेल्या असतील अशा वेळी, तो गेला. दाराचं कुलूप काढलेलं होतं. या वेळी दार ढकलून तो आत शिरला आणि मागं न वळता कापडाच्या काठाशी उभा राहिला. गाणं थांबलं. मेतुआकाकूनं आडवं व्हायला अंग सावरलं, पण अकाइती म्हणाली, "राहू दे गं. त्याला डोळे आहेत."

"कोणाचं आहे हे?" त्यानं विचारलं.

मेतुआकाकूनं सुई कापडात खोचली. "तुझंच. तुझं पान आहे ना? मग काय मोटारवाल्याचं असेल?"

"मला काही झालेलं नाही. डॉक्टरांचा फोन आला होता."

"कसले डॉक्टर?" अकाइतीनं वर पाहिलं. त्यानं सांगितलं, छातीचं, यंत्राचं, जुन्या डागाचं. ऐकता ऐकता बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून त्याला कळलं की यांतलं एक अक्षरही त्यांना ठाऊक नव्हतं. अकाइतीचं तोंड वाकडं झालं. ती हसते आहे हे त्याला जरा उशिरा कळलं. "म्हणजे इतके दिवस तू स्वतःचं सुतक धरून बसला होतास," ती म्हणाली. मग ती हसायची थांबली. तिनं बायकांना चहा टाकायला पाठवलं. मेतुआकाकू उठायला तयार नव्हती. तिला दोघींनी उठवलं. दार लागल्यावर गॅरेजमध्ये नव्या कापडाच्या खळीचा वास तेवढा उरला.

"बस खाली," अकाइती म्हणाली. तो बसला. ती टाके घालत होती, बोलतानाही थांबत नव्हती. सुई खळ लावलेल्या कापडातून जाताना दर वेळी बारीक आवाज व्हायचा. "तुला बायको नाही. मुलगी नाही. माझं मला आईनंच करून ठेवलंय, लग्नातलं, ट्रंकेत आहे. मिरिआमाचं मी केलं. तुझंच तेवढं राहिलं होतं. म्हटलं, होईल, काय घाई आहे. आता माझ्यामागं तुझ्यासाठी कोण बसणार? दुकानातलं ब्लँकेट घालून पाठवतील तुला. पांढरं."

"तुझ्यामागं म्हणजे?"

"पोटात आहे," ती म्हणाली. "लिव्हरला गेलंय. मिरिआमा नेते मला. त्या दिवशी तुला तिथं पाहिलं आणि पोरगी घाबरून लिफ्टमध्ये घुसली. मीच सांगितलं होतं, मामाला कळू द्यायचं नाही, तो घाबरट आहे." तिनं धागा दातांनी तोडला. "मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, माझं हातात एक काम आहे, ते पुरं होईल ना. त्या म्हणाल्या, असेल तर आता लांबवू नका. म्हणून या सगळ्या रोज येतात. थोडंच राहिलंय आता. तेवढं झालं की मी मोकळी."

तामारुआ तिच्याकडे बघू शकला नाही. तो कापडाकडे बघत राहिला, कारण बघायला तेच होतं. इतके दिवस ज्या भीतीनं त्याच्या मानेवर श्वास सोडला होता ती आता पुढं आली आणि तिला त्याचा चेहरा नव्हता. तिला बहिणीची हनुवटी होती, सैल झालेली, पिवळसर. तो पिवळा त्यानं रविवारी पाहिला होता. पाव कवडीतला फरक ओळखणाऱ्या त्याच्या डोळ्यांना बहिणीच्या कातडीवरचा तो पिवळा दिसला होता आणि त्यांनी तो खिडकीच्या उजेडावर ढकलला होता. कापड केवढं तरी मोठं होतं. मधोमध पानांचं चक्र, त्यातून बाहेर फाकलेली पानं, कडेला पुन्हा पानं. फक्त एका कोपऱ्याच्या कडा टाचलेल्या होत्या आणि शिवायच्या राहिल्या होत्या. त्यानं पहिल्यांदाच ते सगळं एकदम पाहिलं. पानांच्या शिरांवर तिनं धाग्याचे तीन नारिंगी घातले होते, एक जवळजवळ लाल, एक पिकल्या फळाच्या सालीचा, आणि एक इतका फिका की दुकानात त्यानं त्याला पांढऱ्यात धरलं असतं. त्यामुळं पान सपाट राहत नव्हतं. ते हलत होतं. झाडाखाली पाठीवर पडलेल्या, श्वास परत यायची वाट पाहणाऱ्या पोराला वरून ऊन झिरपताना दिसावं, तसं ते होतं. जांभळा त्याला दाट वाटला होता. तो दाट नव्हता, खोल होता. एकही रंग हलवता आला नसता. आयुष्यभर माणसांना त्यांच्या खोल्यांसाठी रंग सांगत आला, पण कोणाच्या खोलीत इतकं बरोबर काही त्यानं पाहिलं नव्हतं.

"काय, आवडलं का?" अकाइती म्हणाली. "खरं सांग. तू रंगाबद्दल खोटं बोलत नाहीस. माझ्या उशीचं तोंडावर सांगितलं नाहीस, पण खोटंही बोलला नाहीस."

दारातून मेतुआकाकू चहाचा ट्रे घेऊन आत येत होती. मागं बाकीच्या.

"चुकलाय," तामारुआ म्हणाला.

मेतुआकाकू जागच्या जागी थांबली.

"जांभळा ठीक आहे," त्याचा आवाज त्याला दुकानातला वाटला, रेम्युएराच्या बाईशी बोलतानाचा. "पण शिरांचा धागा चुकलाय. तिन्ही चुकलेत. मी यात जायचं म्हणजे रोज बघायला लागणार मला. सगळं उसवायला हवं. उसवा आणि पहिल्यापासून भरा."

मेतुआकाकूनं ट्रे ठेवला आणि सुरुवात केली. मैद्यापासून सुरू करून ती त्याच्या बापाच्या घराण्यापर्यंत गेली. त्याला डोळे नाहीत, दोन भोकं आहेत, ज्यातून आत पांढरं ओतलंय. बाईनं जिवाचं पाणी केलं आणि हा मेला, मेलाही नाही अजून, आणि खोड्या काढतो. तामारुआला बरं वाटलं. अकाइती मात्र त्याच्याकडे बघत होती. तो तिची नजर चुकवत शिरा, धागे, उजेड असं काहीबाही बोलत राहिला.

"सगळं?" तिनं विचारलं.

"सगळं."

"किती दिवस लागतील माहीत आहे?"

"लागू देत."

अकाइतीनं मांडीजवळची छोटी कात्री उचलली आणि कापडावरून त्याच्याकडे सरकवली. "मग सरक पुढं," ती म्हणाली. "मधल्या पानापासून घे. आणि सावकाश रे बाबा, कापड फाटता कामा नये."

मेतुआकाकूचं तोंड उघडंच राहिलं. तामारुआ गुडघ्यांवर पुढं सरकला, कात्री हातात घेतली आणि मधल्या पानावर वाकून पहिला टाका शोधायला लागला. बहिणीचा टाका इतका बारीक होता की तो सापडायलाच त्याला खूप वेळ लागला, आणि त्यानं तो लागू दिला.